माळावरचे विज्ञान आणि संशोधकाचे स्वातंत्र्य

(संशोधक विद्यार्थी आणि पक्षकार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



विज्ञान म्हटले की कोट्यवधी रुपयांची यंत्रे, वातानुकूलित इमारती आणि परदेशी शिकून आलेले तज्ज्ञ असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. गरीब देशाला ही हौस परवडते काय, असा प्रश्न मग एकीकडून विचारला जातो. दुसरीकडून असे सांगितले जाते की, हौस करावयाचीच तर ती अणुभट्टीची किंवा उपग्रहाची करावी. फुलांच्या पाकळ्या मोजणाऱ्यांना सार्वजनिक पैसा कशासाठी द्यावा? ह्या दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. ज्ञानाची किंमत त्यासाठी लागणाऱ्या यंत्राच्या किमतीवरून ठरते, असे दोघेही गृहीत धरतात. हा गैरसमज दूर करण्यास उत्क्रांतिशास्त्रासारखा दुसरा विषय नाही. ह्या शास्त्राला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : मोकळा वेळ, मोकळे मन आणि दारातला निसर्ग. तिसरी गोष्ट ह्या देशात विपुल आहे. पहिल्या दोन गोष्टी कोणाच्या वाट्याला येतात आणि कोण हिरावून घेतो, हा प्रश्न मात्र विज्ञानाइतकाच राजकारणाचाही आहे.

उत्क्रांतिशास्त्राचा मूळ प्रश्न साधा आहे. वनस्पती, प्राणी आणि बुरशी यांच्यात एवढी विविधता आली कोठून आणि ती टिकते कशी? एकाच जीवाचा अभ्यास करून ह्याचे उत्तर मिळत नाही. एका जीवात आढळलेला नियम दुसऱ्या जीवात ताडून पाहावा लागतो. तेथे तो टिकला तर त्याला नियम म्हणावयाचे. नाही तर ती त्या एका जीवाची लकब ठरते. शिवाय प्रत्येक जीव ह्या मोठ्या प्रश्नाची एखादी बाजू सोपी करून देतो. माडाच्या झावळ्यांचे वळण रस्त्यावर उभे राहून पाहता येते. पारिजातक आपली फुले पहाटे आपण होऊन खाली टाकतो, त्यामुळे झाडाला हातही न लावता ती मोजता येतात. काही गांधीलमाश्यांचे पोळे उघडे असते. त्यातील प्रत्येक माशीचा दिवसभराचा व्यवहार पाहता येतो. बुरशीच्या पिढ्या थोड्या दिवसांत पालटतात. म्हणून ह्या विषयाचा विद्यार्थी आज माडाकडे, उद्या माशीकडे आणि परवा बुरशीकडे वळला, तर तो भरकटला असे समजू नये. तो एकच प्रश्न वेगवेगळ्या साक्षीदारांना विचारीत असतो.

मोकळा वेळ कोणाच्या वाट्याला?

चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ ही आठ वर्षे समुद्रातील खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकल नावाच्या क्षुद्र प्राण्यांचा अभ्यास करण्यात घालविली. १८६२ साली त्यांनी ऑर्किडच्या परागणावर ग्रंथ लिहिला आणि १८८१ साली, मृत्यूपूर्वी एक वर्ष, गांडुळांवर. पोटासाठी नोकरी करण्याची वेळ त्यांच्यावर कधीच आली नाही. वडील संपन्न वैद्य होते. पत्नी चिनी मातीच्या भांड्यांचे प्रख्यात कारखानदार वेजवुड यांच्या घराण्यातील होती. आठ वर्षे बार्नेकल न्याहाळणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय, असे विचारणारा कोणी वरिष्ठ नव्हता.

नैसर्गिक निवडीचे तेच तत्त्व स्वतंत्रपणे शोधून काढणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांची कथा निराळी आहे. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. जमिनीच्या मोजणीचे काम करून त्यांनी दिवस काढले. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आणि पुढे मलाया द्वीपसमूहात त्यांनी भुंगेरे, फुलपाखरे आणि पक्षी गोळा केले, ते इंग्लंडात विकले आणि त्या पैशावर संशोधन चालविले. १८५२ साली परतीच्या प्रवासात जहाजाला आग लागून त्यांचा मोठा संग्रह भस्मसात झाला. तरीही ते पुन्हा निघाले. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे डार्विन आणि वॉलेस यांचे लेखन एकत्र वाचले गेले. पण वॉलेस यांना कायमची नोकरी अखेरपर्यंत मिळाली नाही. १८८१ साली डार्विन यांच्याच खटपटीने त्यांना वार्षिक दोनशे पौंडांचे सरकारी वेतन मंजूर झाले. जमिनीचे राष्ट्रीयीकरण व्हावे म्हणून त्याच वर्षी स्थापन झालेल्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते आणि पुढे ते उघडपणे समाजवादी म्हणवून घेऊ लागले, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बुद्धी दोघांजवळ होती. मोकळा वेळ एकालाच वारशाने मिळाला होता. संशोधक विद्यार्थ्याला मिळणाऱ्या फेलोशिपचा खरा अर्थ ह्या तुलनेतून कळतो. ती दया नव्हे आणि पगारही नव्हे. डार्विन यांना जो मोकळा वेळ घराण्याच्या संपत्तीने दिला, तो शेतमजुराच्या किंवा गिरणीकामगाराच्या मुलाला समाजाच्या संपत्तीतून देण्याची ती व्यवस्था आहे.

कलकत्त्यातील पाकळ्या

ह्या दृष्टीने भारतात घडलेला एक प्रयोग फार बोलका आहे. जे. बी. एस. हाल्डेन हे विसाव्या शतकातील उत्क्रांतिशास्त्राच्या शिल्पकारांपैकी एक होत. विज्ञानाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. इंग्लंडातील कारखानदारी भागातील काजळीने काळवंडलेल्या प्रदेशात पतंगांचा काळा प्रकार किती वेगाने पसरला, यावरून निवडीचा जोर किती असला पाहिजे, हे त्यांनी १९२४ साली कागदावर गणित मांडून दाखविले. १९५७ साली लंडनमधील प्राध्यापकी सोडून ते प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. पुढे ते भारताचे नागरिक झाले. सोबत त्यांच्या पत्नी आणि सहकारी हेलन स्परवे होत्या. ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे १९१० पासून निघणारे नियतकालिकही त्यांच्याबरोबर भारतात आले.

येथे त्यांच्याभोवती तरुण संशोधकांचा एक लहानसा चमू जमला. युरोपात जी यंत्रे आहेत ती येथे नाहीत, अशी तक्रार करीत बसण्याऐवजी हाल्डेन यांनी त्यांना वेगळी दिशा दाखविली. पाहा, मोजा, आणि मोजलेल्याचे गणित करा, असा तिचा मथितार्थ होता. सुबोधकुमार रॉय यांनी फुलांच्या पाकळ्या मोजल्या. पारिजातकाच्या फुलाला कधी पाच, कधी सहा, कधी सात पाकळ्या असतात. एकाच झाडावर, एकाच जनुकसंचातून ही तफावत का यावी आणि झाड आपल्या रचनेवर किती काटेकोर नियंत्रण ठेवू शकते, हा त्यामागील प्रश्न होता. त्यासाठी झाडाखाली बसण्याची चिकाटी आणि एक वही एवढेच साहित्य पुरे होते. रॉय यांनी गांडुळांच्या कार्याचाही अभ्यास केला आणि भाताच्या दोन वाणांच्या ओळी आलटून पालटून लावल्यास काय होते, हेही तपासले. काही जोड्यांत ही मिश्र लागवड सरस ठरते, असे त्यांना आढळले.

टी. ए. डेव्हिस यांनी माड निवडले. माडाच्या झावळ्या खोडाभोवती मळसूत्राप्रमाणे लागतात. काही माडांत हे वळण डावीकडे असते, काहींत उजवीकडे. प्रमाण साधारण निम्मे-निम्मे. हा गुण आईबापांकडून येतो काय? डेव्हिस यांनी डाव्या-उजव्या माडांचे संकर करून त्यांची संतती तपासली. आईबाप कोणत्याही वळणाचे असोत, संततीत दोन्ही प्रकार जवळजवळ सारखेच निघाले. हा भेद आनुवंशिक नव्हता. आणि तरीही डाव्या वळणाचे माड अधिक नारळ देतात, असे त्यांच्या मोजणीत दिसले. भेद डोळ्यांना स्पष्ट दिसतो, त्याचा उत्पन्नावर परिणामही होतो, आणि तरी तो वंशातून उतरलेला नसतो! ज्या समाजात माणसामाणसातला प्रत्येक भेद जन्माच्या आणि रक्ताच्या माथी मारण्याची हजारो वर्षांची खोड आहे, त्या समाजातील शाळांत माडाचा हा धडा मुलांना शिकवावयास हवा.

द्रोणमराजू कृष्ण यांनी घाणेरीच्या झुडपांवर येणाऱ्या फुलपाखरांच्या नोंदी ठेवल्या. वेगवेगळ्या जातींची फुलपाखरे वेगवेगळ्या रंगांच्या फुलांना पसंती देतात, असे त्यांना दिसले. फुलपाखरे रंग निवडून जाऊ लागली तर एका रंगाचा पराग त्याच रंगाच्या फुलांत फिरत राहील आणि एकाच माळावर, मध्ये डोंगर किंवा नदी नसतानाही, एका जातीच्या दोन जाती होण्यास वाट मिळेल. हा विचार १९६० साली ‘नेचर’ ह्या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे भांडवल होते रस्त्याकडेचे उपद्रवी झुडूप.

सुरेश जयकर यांनी हेलन स्परवे यांच्यासह पिवळ्या गाठीच्या टिटवीचा अभ्यास केला. ऐन उन्हाळ्यात उघड्या माळावर अंडी घालणारा हा पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतो आणि अंडी थंड ठेवतो. ही निरीक्षणे मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. पक्ष्यांना न मारता त्यांचा अभ्यास कसा करता येईल, ह्यावर स्वतः हाल्डेन यांनी त्याच नियतकालिकात १९५९ साली निबंध लिहिला होता. अहिंसेच्या परंपरेत त्यांना भाबडेपणा दिसला नाही. संशोधनाची एक उत्तम शिस्त दिसली.

ह्याच जयकरांबरोबर हाल्डेन यांनी १९६३ साली एक लहानसा गणिती निबंध लिहिला. निवडीची दिशा पिढीगणिक बदलत असेल तर काय होते, हा त्याचा विषय. ओल्या सालात एक प्रकार तगतो, कोरड्या सालात दुसरा. एखाद्या प्रकाराची संख्या एका साली दुप्पट झाली आणि पुढच्या साली चाळीस टक्क्यांवर आली, तर बेरजेची सरासरी सांगते की तो वाढतो आहे. पण प्रत्यक्षात शंभराचे दोनशे आणि दोनशेचे ऐंशी होतात. अशा परिस्थितीत दोन्ही प्रकार लोकसंख्येत शेजारी शेजारी कसे टिकून राहू शकतात, त्याच्या अटी ह्या निबंधाने दाखविल्या. अवर्षणाचा अनुभव असलेल्या कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातील मर्म सांगावे लागणार नाही. एका दुष्काळाने झालेले नुकसान एका सुकाळाने भरून निघत नाही, हे तो जाणतो. बदलत्या परिस्थितीत विविधता कशी टिकते, ह्या प्रश्नाचा विचार करणारे आजचे शास्त्रज्ञही त्या निबंधापासून आरंभ करतात.

जळका ऊस आणि गांधीलमाश्या

ही परंपरा तेथेच संपली नाही. न्यूरोस्पोरा ह्या बुरशीवर प्रयोग करून बीडल आणि टॅटम यांनी १९४१ साली जनुकांचे कार्य उलगडले आणि १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळविले. ही बुरशी जगभरच्या प्रयोगशाळांत काचेच्या नळ्यांत वाढत होती. पण ती रानात कशी जगते, याकडे फार थोड्यांचे लक्ष होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रमेश माहेश्वरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कर्नाटकातील मद्दूरजवळच्या उसाच्या शेतात तिचा माग काढला. तोडणीनंतर शेत पेटविले की थोड्याच दिवसांत जळक्या उसावर नारिंगी रंगाची बुरशी उगवते. तिचे बीजाणू मातीत निद्रिस्त पडून असतात आणि आगीची धग लागली म्हणजे जागे होतात. वरून सारखीच दिसणारी ती नारिंगी भुकटी प्रत्यक्षात निरनिराळ्या वंशांच्या वसाहतींची असते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. महाराष्ट्रातील साखरपट्ट्यात पाचट पेटविताना हजारो लोकांनी असे शेत पाहिले असेल. पाहणे आणि प्रश्न विचारणे यांतील अंतर तेवढेच आहे.

त्याच संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी डॉक्टरेट मिळविली ती विषाणूंवरील रेणवीय संशोधनासाठी. पण मोकळ्या वेळात ते इमारतीच्या आडोशाला पोळे बांधणाऱ्या गांधीलमाश्या पाहत असत, आणि पुढे तोच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. माश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन प्रत्येकीची ओळख ठेवावयाची आणि तासन्‌तास नोंदी करावयाच्या, ही त्यांची पद्धत. ह्या जातीतील राणी पोळ्यातील सर्वांत आक्रमक माशी नसते, ती बहुधा शांत असते. राणी नाहीशी झाली की कामकऱ्यांपैकी एक एकाएकी अतिशय आक्रमक बनते आणि कालांतराने राणी होते, असे त्यातून दिसले. अल्प खर्चात अव्वल संशोधन कसे करता येते, ह्याच विषयावर त्यांनी २०२१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. माश्यांच्या पोळ्यातून माणसांच्या राज्यघटनेसाठी धडे काढू नयेत. ‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचा न्याय असल्याचे सांगून भांडवलशाहीने आणि वंशवादाने डार्विन यांच्या नावाचा पुरेपूर गैरवापर केला आहे. हाल्डेन यांनी १९३८ सालच्या आपल्या ‘हेरिडिटी अँड पॉलिटिक्स’ ह्या ग्रंथात अशा वंशवादी थोतांडाचा समाचार घेतला होता. त्याला उत्तर म्हणून समाजवाद्यांनीही निसर्गातून आपल्या सोयीची उदाहरणे वेचणे हा तितकाच खोटा मार्ग होय. समतेचे समर्थन करण्यास माणसाची विवेकबुद्धी पुरेशी आहे. त्यासाठी मुंग्यांची साक्ष लागत नाही.

उपयोग काय?

तरीही ‘उपयोग काय?’ हा प्रश्न गरिबांच्या वतीने विचारला जातो, तेव्हा त्याला उत्तर देणे भाग आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या डोंगराळ भागात, विशेषतः आदिवासी वस्त्यांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. असा घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून का राहिला? नैसर्गिक निवडीने तो केव्हाच पुसून टाकावयास हवा होता. थॅलेसेमिया ह्या अशाच दुसऱ्या आजाराच्या संदर्भात हाल्डेन यांनी १९४९ च्या सुमारास असा तर्क मांडला की, दोषाचा एकच जनुक ज्यांच्यात आहे त्यांना मलेरियापासून संरक्षण मिळत असले पाहिजे. १९५४ साली ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हा संबंध दाखवून दिला. दोन जनुक एकत्र आले की आजार. एकच असेल तर मलेरियापासून बचाव. १९५२ साली भारतात निलगिरीतील आदिवासींमध्ये ह्या पेशी प्रथम नोंदल्या गेल्या. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू करण्यात आली.

हे ज्ञान आदिवासी मुलीच्या हाती आले म्हणजे काय होते? हा आजार शाप नाही, कुळाचा कलंक नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही. मलेरियाने ग्रासलेल्या प्रदेशात तिचे पूर्वज जगले, त्या झगड्याची ती खूण आहे, हे तिला कळते. विवाहापूर्वी रक्ततपासणी कशासाठी करावयाची, हे हुकूम म्हणून नव्हे तर कारणासह कळते. उत्क्रांतीचा विचार काढून टाकला तर औषध शिल्लक राहील, पण मनावरचे ओझे उतरणार नाही. ज्ञानाचा उपयोग केवळ उत्पादनात मोजणाऱ्यांनी ह्या उपयोगाचाही हिशेब ठेवावा.

डाव्या चळवळीच्या पदरी असलेले पाप

विज्ञानाच्या स्वातंत्र्यावर बोलताना समाजवाद्यांना प्रथम आपल्या छावणीकडे पाहावे लागते. निकोलाय वाविलोव ह्या रशियन शास्त्रज्ञाने जगभर हिंडून पिकांच्या वाणांचा सुमारे अडीच लाख नमुन्यांचा संग्रह लेनिनग्राड येथे उभा केला होता. लागवडीखालील पिके मुळात कोठे उगम पावली आणि कशी बदलत गेली, हा त्याचा अभ्यासविषय. समाजवादी राष्ट्राला भाकरी मिळावी म्हणून ज्याने एवढे केले, त्याला ऑगस्ट १९४० मध्ये अटक झाली आणि २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. लेनिनग्राडला वेढा पडला असता त्याचे सहकारी बियाण्यांच्या पोत्यांशेजारी उपाशी मेले, पण त्यांनी ते बियाणे खाल्ले नाही. इकडे ऑगस्ट १९४८ मध्ये लायसेन्को ह्याचे मत हेच पक्षाचे मत असल्याचे जाहीर झाले आणि आनुवंशिकीचे शिक्षण व संशोधन सोव्हिएत देशात बंद पडले. ते १९६५ च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. पण दरम्यान एक संपूर्ण पिढी वाया गेली.

हाल्डेन तेव्हा ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षात होते; पक्षाच्या ‘डेली वर्कर’ ह्या दैनिकाच्या संपादक मंडळाचे ते अध्यक्ष राहिले होते. वाविलोव यांच्याच निमंत्रणावरून ते १९२८ साली रशियाला गेले होते. लायसेन्को-प्रकरणात त्यांनी आनुवंशिकीचे समर्थन केले, हे खरे. परंतु लायसेन्कोचा आणि त्याच्या पाठीशी असलेल्या सत्तेचा जो निःसंदिग्ध धिक्कार त्यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाकडून व्हावयास हवा होता, तो झाला नाही. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. एवढा निर्भीड मनुष्यही निष्ठेपुढे अडखळला, ह्यात त्यांची निंदा करण्यापेक्षा शिकण्यासारखे अधिक आहे. सत्य ठरविण्याचा अधिकार एकदा पक्षाकडे सोपविला म्हणजे चांगल्या माणसांचीही जीभ जड होते.

ह्याच्या उलट उदाहरण त्यांच्याच विद्यार्थ्याच्या संशोधनात आहे. पुरुषांच्या कानांच्या पाळीवर उगवणारे केस बापाकडून मुलाकडेच जाणाऱ्या वाय गुणसूत्राशी निगडित असावेत, असा निष्कर्ष द्रोणमराजू यांनी आंध्रातील कुटुंबांच्या पाहणीवरून मांडला होता. तो पाठ्यपुस्तकांतही गेला. २००४ साली दक्षिण भारतातील पुरुषांच्या गुणसूत्रांची रेणवीय तपासणी झाली आणि तो टिकला नाही. कोणाला अटक झाली नाही, कोणत्याही समितीने ठराव केला नाही. नवा पुरावा आला, जुने मत मागे पडले. विज्ञानाचे शील ते हेच.

कचेरीचा जाच

हुकूमशाहीत संशोधक तुरुंगात जातो. नोकरशाहीत तो फायलीत गाडला जातो. सांख्यिकी संस्थेच्या कारभाराविषयी मतभेद होऊन हाल्डेन यांनी १९६१ च्या आरंभी ती सोडली. मग वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या आश्रयाने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग व्हावयाचा होता. सरकारी दिरंगाईला विटून तोही त्यांनी सोडला. शेवटी ओरिसा सरकारच्या आधाराने १९६२ साली भुवनेश्वर येथे त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि १ डिसेंबर १९६४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे चमू विखुरला. द्रोणमराजू अमेरिकेत गेले, जयकर इटलीतील पाव्हिया येथे. सात वर्षांत त्यांना तीन ठिकाणी बिऱ्हाड हलवावे लागले. जगप्रसिद्ध माणसाची ही कथा. मग अनोळखी विद्यार्थ्याचे काय होत असेल?

मराठी वाचकांना ह्या संदर्भात दामोदर धर्मानंद कोसंबी आठवल्यावाचून राहणार नाहीत. इतिहासकार म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. पण गुणसूत्रावर दोन जनुकांमधील अंतर कसे मोजावे, याचे त्यांनी १९४४ साली दिलेले सूत्र आजही पिकांचे जनुकनकाशे काढताना वापरले जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याआधीचे, १९१९ सालचे सूत्र हाल्डेन यांचे. एक गोव्यात जन्मलेला, एक ऑक्सफर्डमध्ये. दोघेही मार्क्सवादी, दोघेही कोणाची भीड न ठेवणारे. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोसंबींच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही. सत्तेच्या चौकटीत न मावणारी बुद्धी बाळगण्याची ही किंमत होती.

आजचे कर्तव्य

आता आजच्या काळाकडे वळू. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याच्या राज्यमंत्र्यांनी डार्विन यांचा सिद्धांत चुकीचा असून माकडाचा माणूस होताना पूर्वजांनी पाहिलेला नाही, अशा आशयाचे भाषण केले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याला उत्तर दिले. पण पुढे जे झाले ते भाषणाहून गंभीर होते. अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या नावाखाली एन. सी. ई. आर. टी. ने दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ ह्या प्रकरणातून उत्क्रांती वगळली. २०२३ च्या पुस्तकात केवळ ‘आनुवंशिकता’ उरली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व नागरिकांनी ह्याविरुद्ध पत्रक काढले. महाराष्ट्राच्या मंडळाने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र ह्या विषयाला मानाचे स्थान दिले होते, हे नमूद केले पाहिजे. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांना उत्क्रांती शिकविली जाते, असे समर्थन करण्यात आले. परंतु बारावीला जीवशास्त्र घेतात किती आणि कोण? दहावीवर शाळा सुटणारी मुले कोणाच्या घरची असतात, हे सांगावयास नको. विवेकाची दारे त्यांच्यावरच बंद व्हावी, हा योगायोग समजणे भोळेपणाचे होईल.

फेलोशिपची गोष्टही निराळी नाही. २०१९ साली देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कनिष्ठ फेलोशिप दरमहा २५,००० रुपयांवरून ३१,००० झाली. जानेवारी २०२३ पासून ती ३७,००० करण्यात आली. पण अनेकांच्या हाती ती महिनोन्‌महिने पडत नाही. ज्याच्या घरी शेती किंवा दुकान आहे तो थांबू शकतो. ज्याच्या घरी काहीच नाही तो संशोधन सोडतो. उशिरा येणारी फेलोशिप ही अशा रीतीने एक छुपी चाळणी होऊन बसते आणि वॉलेस गळून डार्विन तेवढे उरतात. २०२०-२१ साली संशोधनावर देशाने केलेला खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. त्यातही विद्यार्थ्याचा वाटा सर्वांत लहान आणि सर्वांत शेवटी मिळणारा.

ह्यास्तव समाजवादी चळवळीच्या मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. संशोधकाची फेलोशिप मजुरीप्रमाणे महिन्याच्या महिन्याला मिळाली पाहिजे. ‘तात्काळ उपयोग’ ही संशोधनाची एकमेव कसोटी असता कामा नये. जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील झाडे, कीटक आणि बुरशी यांच्या दीर्घकाळ नोंदी ठेवण्याचे काम हाती घ्यावे; पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीसारख्या, १९४६ पासून चालत आलेल्या आणि बुरशींचा मोठा संग्रह जतन करणाऱ्या संस्थांनी त्यांना आधार द्यावा. उत्क्रांतीचे प्रकरण प्रत्येक मुलाला, शाळा सुटण्यापूर्वी, मातृभाषेत शिकविले गेले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उद्या सत्ता समाजवाद्यांच्या हाती आली तरी पाकळ्या किती आहेत हे मंत्र्याने किंवा पक्षाने ठरवू नये. ते मोजणाऱ्यालाच ठरवू द्यावे.

उत्क्रांतीचे संशोधन हे श्रीमंत देशांची उष्टावळ नव्हे. विषुववृत्ताकडील गरीब देशांत जीवांची जी विविधता आहे ती इतरत्र नाही. तिचे पहिले वाचक येथलेच तरुण असावयास हवेत. माळरानावर बसून टिटवीचे घरटे पाहणारी मुलगी वेळ वाया घालवीत नाही, असे तिच्या गावाला आणि तिच्या सरकारला पटवून देणे, हेही राजकीय कार्यकर्त्याचे काम आहे.